पॉवरबँक: १०,००० की २०,००० एमएएच?

'आता दुप्पट क्षमता' अशी बातमी आली की आधी डबा उलटा करा आणि बारीक अक्षरातली 'रेटेड कपॅसिटी', म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी क्षमता, वाचा. वर छापलेले १०,००० एमएएच (मिलीअँपिअर-तास) हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्ट द्यायचे तर हिशेबाने ७,४०० उरतात, त्यातलेही काही उष्णतेत जातात. ५,००० एमएएचचा फोन त्यावर जेमतेम दीड वेळा भरतो.

२०,००० वाली तीनदा भरेल, हे खरं. पण ती स्वतः भरायला साध्या १० वॉटच्या चार्जरवर आठ-नऊ तास खाते. संध्याकाळी विसरून रात्री उशिरा लावलीत तर सकाळी अर्धीमुर्धीच. शिवाय जवळजवळ दुप्पट वजन. विरार-चर्चगेट उभ्याने करणाऱ्याच्या खांद्याला ते कळतं. रोजच्या लोकलसाठी १०,००० चीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत. मोठी गावी जाताना कामाची. ७४ वॉट-तास असल्याने ती विमानातही नेता येते, मात्र हातातल्या बॅगेतच.

फुटपाथवरच्या स्वस्त मालाला तराजू लावा. एक १८६५० सेल (पॉवरबँकेतला नळकांडीसारखा लिथियम सेल) साधारण ४५ ग्रॅमचा आणि सहसा फार तर ३,५०० एमएएचचा. म्हणजे २०,००० साठी सहा सेल, नुसते २७० ग्रॅम. अख्खी पॉवरबँक २०० ग्रॅम भरली तर आकडा खोटा. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' नोंदणी क्रमांक नसेल तर घेऊच नका. आणि फुगलेली असेल, कुठलीही असो, चार्जिंगला लावू नका.