वही कोणाची, पाप कोणाचे? ‘डेथ नोट’चे बारा खंड पुन्हा वाचताना

त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली आणि ताकेशी ओबाता यांनी रेखाटलेली ‘डेथ नोट’ ही चित्रकथा जपानच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात डिसेंबर 2003 ते मे 2006 या काळात प्रसिद्ध झाली. तिची प्रकरणे 108 आहेत, म्हणजे आपल्या जपमाळेत मणी असतात तेवढीच, आणि ती बारा खंडांत सामावली आहेत. हे बाराही खंड मी इंग्रजी आवृत्तीतून नुकतेच दुसऱ्यांदा वाचले. पहिल्या वाचनात पुढे काय होणार या उत्सुकतेने पाने उलटली होती. या वेळी शेवट ठाऊक असल्यामुळे लक्ष एकाच गोष्टीवर राहिले: चाहते इतकी वर्षे ज्यावरून हमरीतुमरीवर येतात, त्या दोषाच्या प्रश्नाला या कथेत खरोखर किती आधार आहे? पुढील मजकुरात कथेचा शेवटही उघड केला आहे. ज्यांना तो आधी कळू द्यायचा नसेल त्यांनी इथेच थांबून पहिला खंड हाती घ्यावा.

कथेचे बीज थोडक्यात असे आहे. र्‍युक नावाचा एक शिनिगामी, म्हणजे मृत्युदेव, आपल्या लोकातल्या कंटाळवाण्या जगण्याला वैतागून एक वही पृथ्वीवर टाकतो. चेहरा डोळ्यांपुढे आणून त्या वहीत ज्याचे नाव लिहावे तो माणूस मरतो, आणि मरणाचे कारण लिहिले नाही तर 40 सेकंदांत हृदय बंद पडून मरतो. ही वही लाइट यागामी या अत्यंत हुशार शाळकरी मुलाच्या हाती लागते. तो गुन्हेगारांना मारू लागतो, जग त्याला ‘किरा’ म्हणू लागते आणि ‘एल’ नावाचा विक्षिप्त गुप्तहेर त्याच्या मागावर येतो. वहीच्या वापराच्या सूचना र्‍युकने इंग्रजीत लिहिल्या आहेत, कारण माणसांच्या जगात हीच भाषा सर्वाधिक चालते असे त्याचे मत आहे. मृत्युदेवालाही हा हिशेब करावा लागला हे वाचून मला हसू आले.

मराठी वाचकाला ही वही पाहून चित्रगुप्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण हे साम्य फसवे आहे. चित्रगुप्ताच्या वहीत घडून गेलेल्याची नोंद होते आणि त्या नोंदीवरून पुढे निवाडा होतो. र्‍युकच्या वहीत लिहिल्यावर घडते, आणि त्यानंतर निवाडा कोणीच करत नाही. वही वापरणारा माणूस स्वर्गातही जाणार नाही आणि नरकातही जाणार नाही, असे लाइटला आरंभीच सांगितले जाते. तो आणि त्याच्यासोबत वाचकही असे धरून चालतो की ही काही विशेष शिक्षा असावी. अखेरीस कळते की स्वर्ग आणि नरक मुळातच नाहीत, आणि मेल्यावर साऱ्यांच्या वाट्याला येते ती केवळ शून्यता. अलौकिक शक्तींनी भरलेल्या या कथेत न्याय देणारी अलौकिक शक्ती मात्र नाही. हे काम लेखकाने वाचकावर टाकले आहे, आणि चाहत्यांचे वाद शमत नाहीत याचे कारण मला इथेच दिसते.

सर्वात मोठा वाद अर्थातच लाइटविषयी आहे. वहीने एका चांगल्या मुलाला बिघडवले, असे एका गटाचे म्हणणे आहे. तो मुळातच तसा होता आणि वहीने त्याला फक्त संधी दिली, असे दुसरा गट म्हणतो. पहिल्या वाचनात मी दुसऱ्या गटात होतो, आता तितका ठाम राहिलेलो नाही. पहिले नाव लाइट लिहितो ते मुलांना आणि शिक्षकांना ओलीस धरणाऱ्या एका माणसाचे, आणि तेही वहीवर पुरता विश्वास न ठेवता. दुसरे नाव रस्त्यात एका तरुणीला त्रास देणाऱ्या गुंडाचे आहे. तो मरतो तेव्हा लाइट घाबरतो, कारण आपण दोन माणसे मारली हे त्याला स्पष्ट कळलेले असते. इथे त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात. एक तर आपण खुनी आहोत हे मान्य करायचे, नाहीतर हे खून ज्यात पुण्यकर्म ठरतील असे एखादे नवे जग उभे करायचे. तो दुसरा रस्ता धरतो. पाच दिवसांनी र्‍युक येतो तेव्हा वहीची पानेच्या पाने नावांनी भरलेली असतात. लाइटच्या ईश्वरपणाचा उगम मला महत्त्वाकांक्षेत दिसत नाही, तो पश्चात्ताप टाळण्याच्या धडपडीत दिसतो. ज्याला चूक कबूल करता येत नाही त्याने ती तत्त्वज्ञान म्हणून मिरवावी, हे आपण सार्वजनिक जीवनात काही कमी वेळा पाहिलेले नाही.

या वादातला सर्वात भक्कम पुरावा पाचव्या ते सातव्या खंडांत आहे, आणि पुष्कळ चाहते त्याचे पुरते मोल करत नाहीत. आपल्यावरचा संशय दूर करण्यासाठी लाइट वहीचा मालकीहक्क सोडतो, तेव्हा नियमानुसार वहीची सारी स्मृती पुसली जाते. उरतो तो वही हाती लागण्यापूर्वीचा लाइट. हा लाइट एलच्या खांद्याला खांदा लावून नव्या किराचा शोध घेतो. दुसरी वही मिळालेल्या आणि लाइटवर जीव टाकणाऱ्या मिसा या तरुणीच्या प्रेमाचा उपयोग करून तिच्याकडून माहिती काढावी, असे एल सुचवतो तेव्हा कोणाच्या भावनांशी असा खेळ करणे त्याला नीच वाटते, आणि हाच मुलगा काही प्रकरणांपूर्वी तेच निर्विकारपणे करत होता. वहीने बिघडवले असे म्हणणाऱ्यांना हा भाग आपल्या बाजूचा वाटतो आणि तसा तो आहेही. परंतु तो भाग आणखी एक गोष्ट सांगतो. हा सज्जन मुलगा आणि तो खुनी यांच्यात बुद्धी तीच आहे, अहंकारही तोच आहे आणि न्यायाविषयीची चीडही तीच आहे. मधून गळले आहे ते फक्त पहिल्या दोन खुनांचे ओझे. स्मृती परत येते त्या क्षणीचा त्याचा चेहरा ओबातांनी असा काढला आहे की सज्जन लाइटचा मृत्यू आपण प्रत्यक्ष पाहिला असे वाटते. माझ्या मते साऱ्या बारा खंडांतला हाच सर्वात दुःखद मृत्यू आहे, आणि त्याचे नाव कोणत्याही वहीत लिहिलेले नाही.

र्‍युकच्या दोषाविषयी चाहते बरेच सौम्य असतात, कारण तो विनोदी आहे, सफरचंदांसाठी जीव टाकतो आणि खोटेपणा करत नाही. आपण लाइटच्याही बाजूचे नाही आणि एलच्याही नाही, हे तो स्वच्छ सांगतो. शेवटी लाइटचे नाव आपणच लिहू, हेही त्याने पहिल्याच भेटीत सांगून ठेवलेले असते आणि तो शब्द तो पाळतो. पण माकडाच्या हाती कोलीत दिल्यावर आग माकडाने लावली असे म्हणून देणारा सुटत नाही, आणि इथे तर कोलीत मुद्दाम, करमणूक म्हणून टाकलेले आहे. त्याचा प्रामाणिकपणा हा गुण म्हणून मोजणे मला पटत नाही. ज्याला कशाचीच किंमत मोजावी लागत नाही त्याला खरे बोलायला अडचण कसली?

त्याच्या उलट रेम आहे. ही मृत्युदेवी मिसावर जीव लावते. एखाद्या माणसाला वाचवण्याच्या हेतूने मृत्युदेवाने दुसऱ्याला मारले तर तो मृत्युदेव स्वतः नष्ट होतो, असा नियम आहे आणि तो रेमला पक्का ठाऊक आहे, कारण गेलस हा दुसरा मृत्युदेव मिसासाठी असाच संपलेला तिने पाहिला आहे. लाइट सारी परिस्थिती अशी जुळवून आणतो की मिसाला वाचवायचे तर रेमने एलला मारलेच पाहिजे. रेम एल आणि त्याचा मदतनीस वातारी यांची नावे लिहिते आणि तिची धूळ होते. एलच्या मृत्यूचा दोष कोणाचा, या प्रश्नावर मी तासन्‌तास वाद ऐकले आहेत. लिहिणारा हात रेमचा आहे, डाव लाइटचा आहे, आणि धोका पूर्ण ओळखूनही आपल्या संशयावर हट्टाने पुढे जाण्याचा निर्णय एलचा स्वतःचा आहे. ज्याने कोणावरही प्रेम केले नाही तो मृत्युदेव कथा संपेपर्यंत सुखरूप राहतो आणि ज्यांनी केले ते दोघे धूळ होतात, ही गोष्ट लेखकाने कुठेही बोलून दाखवलेली नाही, आणि म्हणूनच ती अधिक बोचते.

एलला मात्र चाहत्यांचे प्रेम जरा जास्तच लाभले आहे. त्याच्या पहिल्याच चालीकडे पाहावे. देहदंडाची शिक्षा झालेल्या एका कैद्याला तो आपल्या नावाने दूरचित्रवाणीवर बसवतो आणि किराला त्याला मारायला चिथावतो. त्या माणसाला त्याच दिवशी फाशी होणार होती हे खरे, तरी चाचणीसाठी माणसाचा जीव वापरण्याचा हिशेब त्याच्याही वहीत आहेच. पुढे तो लाइटच्या घरात छुपे कॅमेरे बसवतो, लाइट आणि मिसा यांना पन्नासहून अधिक दिवस कोंडून ठेवतो, आणि लाइटच्या वडिलांकडून मुलावर खोटी गोळी झाडण्याचे नाटकही घडवतो. एल न्यायासाठी लढतो, हे मला कथेत कुठे सापडले नाही. त्याला कोडे सोडवायचे आहे आणि हरायचे नाही. म्हणून तो आणि लाइट सारखेच दोषी आहेत, असे काही चाहते म्हणतात ते मात्र ताणलेले वाटते. एल चुकला तर सुटकेची वाट उरते, लाइट चुकला तर काहीच उरत नाही. रे पेंबर आणि त्याचे सहकारी धरून एफबीआयचे बारा अधिकारी आणि त्यानंतर पेंबरची वाग्दत्त वधू नाओमी मिसोरा यांना लाइट संपवतो, तेव्हा ‘फक्त गुन्हेगारांना मारतो’ हा बचाव दुसऱ्याच खंडात मोडून पडलेला असतो. बारावीत शिकणारा माझा भाचा या प्रकरणापर्यंत किराचा कट्टर समर्थक होता. नाओमी गेल्यावर त्याने पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवले, आणि परत आला तो वेगळाच मुद्दा घेऊन: तिने अनोळखी मुलाला आपले खरे नाव सांगितलेच का? दोष मेलेल्या व्यक्तीवर सरकवण्याची ही सवय किती सहज लागते, हे मला त्या दिवशी घरातच पाहायला मिळाले.

मिसाबाबत कथा स्वतःच अन्यायाने वागते. आई-वडिलांच्या खुन्याला किराने मारले म्हणून ती त्याची भक्त होते, मृत्युदेवाच्या डोळ्यांसाठी, म्हणजे चेहरा पाहताच नाव दिसावे यासाठी, उरलेले आयुष्य दोनदा निम्मे करून देते आणि निरपराधांचे बळी घेते. तिचा दोष मोठा आहे. पण तिला, आणि पुढे वृत्तनिवेदिका ताकाडाला, लेखक पुरुषांच्या पटावरची प्यादी यापलीकडे फारसे काही होऊ देत नाही. हे या मालिकेतले सर्वात ठळक वैगुण्य आहे, आणि मिसा मूर्ख होती की दोषी होती असा वाद घालताना चाहत्यांनी लेखकालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायला हवे.

एल गेल्यानंतरचे पाच खंड तुलनेने कोरडे आहेत. नियर आणि मेलो हे त्याचे वारस चतुर असले तरी त्यांच्या चाली वाचताना हेतूंपेक्षा नियमांची कलमेच अधिक लक्षात ठेवावी लागतात. त्यातही सोइचिरो यागामी या लाइटच्या वडिलांचा मृत्यू मात्र विसरता येत नाही. माणसे मारण्याची शक्ती हेच खरे अनिष्ट आहे, अशी श्रद्धा असलेला हा पोलीस अधिकारी अखेरीस मृत्युदेवाचे डोळे घेतो, तरीही समोरच्याचे नाव लिहू शकत नाही. मुलगा किरा नाही अशा समाधानात तो डोळे मिटतो, आणि ते समाधान खोटे आहे हे फक्त आपल्याला आणि त्या मुलाला माहीत असते.

ओबातांच्या रेखाटनाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण कथेत प्रत्यक्ष हाणामारी फार थोडी आहे. माणसे खोलीत बसून विचार करतात, आणि तरी पान जिवंत राहते ते सावल्यांमुळे, बारकाईने काढलेल्या हातांमुळे आणि डोळ्यांमुळे. पाने उजवीकडून डावीकडे वाचायची असतात, त्याला पहिल्या प्रकरणाअखेर डोळे सरावतात. सुटे बारा खंड, दोन-दोन खंड एकत्र केलेली सहा पुस्तकांची आवृत्ती, आणि सारे एकाच जाडजूड ग्रंथात, असे इंग्रजीत तीन पर्याय आहेत. हाताळायला सुटे खंडच बरे पडतात, कारण वाद घालताना आधीचे पान पुन्हा पुन्हा उघडावे लागते. ज्याला आधी अंदाज घ्यायचा असेल त्याने पहिले दोन खंड घ्यावेत. लहान मुलांच्या हाती मात्र हे देऊ नये.

आणि ज्यांना सातव्या खंडानंतर थांबावेसे वाटेल त्यांनी शेवटचे प्रकरण तरी वाचावेच. लाइटवर गोळ्या झाडणारा मात्सुदा हा भोळा पोलीस त्यात एक वर्षानंतर आपला सहकारी इदे याला आपली शंका सांगतो: लाइटने वही सोपवलेल्या मिकामी या किराभक्ताचे नाव नियरने वहीत लिहून त्याच्या हालचाली ताब्यात घेतल्या असतील तर? म्हणजे नियरचा विजयही त्याच वहीच्या बळावर झाला असेल तर? लाइट तुला आवडत होता म्हणून तुला तसे वाटते, असे सांगून इदे विषय झटकून टाकतो. लेखक दोघांपैकी कोणाच्याही बाजूने एक शब्द लिहीत नाही. पुढे येते ती रात्रीच्या डोंगरावर मेणबत्त्या घेऊन चाललेली माणसांची रांग, आणि किराला हात जोडून उभी असलेली एक स्त्री.