तळघराच्या भिंतीची भेग: पैसे घेतले ग्राउटिंगचे, काम केलं रंगाचं

आमच्या तळघराच्या काँक्रीटच्या भिंतीला मध्यावर आडवी भेग गेली होती. वरचा सगळा भार याच भिंतीवर, त्यामुळे गवंड्याला बोलावून सिमेंट भरून घेण्यातलं हे काम नव्हतं. 'स्ट्रक्चरल रिपेअर' करतो म्हणणारा एक ठेकेदार मिळाला. तपासणी फुकट. फुकट तपासायला येणारा माणूस बहुतेक वेळा काम विकायलाच आलेला असतो, हे आधी सांगून ठेवतो.

त्याने ओल मोजायचं यंत्र भिंतीला टेकवलं, लाल दिवा दाखवला आणि चेहरा पाडून म्हणाला, "ही कधी बसेल सांगता येत नाही. आज सही केलीत तर सवलत देतो." आता गंमत बघा. भिंत खरंच बसायच्या बेतात असेल, तर सगळ्यात आधी स्लॅबखाली टेकू लागतात. जॅक लावून भार उतरवायचा आणि मग भिंतीला हात घालायचा. या माणसाने भीती भरपूर घातली, पण टेकूचं नावसुद्धा काढलं नाही. आणि ओळंबा तर त्याच्या पिशवीतच नव्हता.

ओळंबा का, तेही सांगतो. केसासारखी उभी भेग बऱ्याचदा काँक्रीट सुकताना आकसल्यामुळे पडते. मध्यावरची आडवी भेग निराळी. बाहेरची माती आणि तिच्यात साठलेलं पाणी भिंतीला आत रेटत असतं. जमिनीत वरपर्यंत पाणी भरलं, तर २ मीटर खोलीवर नुसत्या पाण्याचाच दाब दर चौरस मीटरला सुमारे २ टन होतो, मातीचा वेगळा. या रेट्याने भिंतीला पोट येतं आणि आतल्या अंगाला भेग उघडते. पोट किती आलंय ते ओळंबा सोडल्याशिवाय कळत नाही आणि ते कळल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही. आमच्या कोटेशनमध्ये एकच ओळ होती: 'इपॉक्सी ग्राउटिंग, पूर्ण भेग'. म्हणजे इपॉक्सी, दोन भाग मिसळले की घट्ट होणारं चिकट रसायन, दाबाने भेगेत भरणं.

ग्राउटिंग नीट केलं तर असं चालतं: भेगेवर ठरावीक अंतराने निपल, म्हणजे माल आत सोडायच्या छोट्या नळ्या, बसवायचे, मधला भाग लेपाने बंद करायचा, मग एका टोकाकडून हलक्या दाबाने इपॉक्सी सोडायचं. पुढच्या निपलमधून ते बाहेर आलं की मागचा बंद करून पुढे सरकायचं. मग इपॉक्सी पक्कं होऊ द्यायचं, आणि ते काही तासाभरात होत नाही. आमच्याकडे "वास येईल" म्हणून आम्हाला वर पाठवलं. संध्याकाळी खाली आलो, तर निपल छाटलेले, पुट्टी मारलेली आणि रंगाचा हात फिरलेला. भिंत नव्यासारखी दिसत होती. उरलेली रक्कम तिथल्या तिथे घेऊन मंडळी गेली.

पुढच्या पावसात भेग पुन्हा दिसली, आणि तीही जुन्या रेषेवरच. इथे खरी मेख आहे. इपॉक्सी आरपार भरलेलं असेल तर तो सांधा मूळ काँक्रीटपेक्षा भक्कम होतो; भिंत पुन्हा हलली तरी नवी भेग सहसा शेजारून जाते. त्याच जागी उघडली म्हणजे आत माल नीट गेलेला नसण्याचीच शक्यता जास्त. आम्ही स्वतः फी देऊन एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणलं. त्याने भेगेवर कोअर कटर लावून काँक्रीटचा एक गोल तुकडा, म्हणजे कोअर, काढला. पृष्ठभागावर नखाएवढा इपॉक्सीचा थर होता, त्यामागे भेग कोरडी ठणठणीत मोकळी.

हमीपत्र काढलं. त्यात लिहिलं होतं की हमी गळतीची आहे, 'भिंतीची हालचाल झाल्यास' लागू नाही. अहो, हालचालीसाठीच तर दुरुस्ती होती! ठेकेदार आता म्हणतो पायाच कच्चा आहे, वेगळं कोटेशन देतो.

इंजिनिअरने दिलेला क्रम उलटा आहे. आधी बाहेरचं पाणी: छपराचे पाइप भिंतीपासून लांब न्यायचे, जमिनीला बाहेरच्या बाजूने उतार द्यायचा, भिंतीलगत खणून खडीत भोकांचा पाइप टाकायचा. मग आतून उभे लोखंडी खांब, खाली फरशीला आणि वर स्लॅबला पक्के जखडलेले. भेग भरायची सगळ्यात शेवटी. तोवर भेगेवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्यात; भिंत हलली की काच तडकते.

नव्या ठेकेदाराच्या करारात आम्ही तीन गोष्टी घातल्या आहेत: ग्राउटिंग चालू असताना इंजिनिअर हजर, काम झाल्यावर त्याने दाखवलेल्या जागी कोअर, आणि तो कोअर आरपार भरलेला निघाल्यावरच शेवटचा हप्ता. पहिल्या दोघांनी हे वाचून काम नाकारलं. तिसरा म्हणाला, "कोअर कुठून काढायचा ते आत्ता सांगू नका."