भटक्या सामुराई की भटक्या काउबॉय? शनिवारी कोणता लावायचा

शनिवारी कोथरूडला मित्राकडे आम्ही आठ-दहा जण जमतोय. प्रोजेक्टर आहे, भिंत पांढरी आहे, वाद एवढाच उरलाय: जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा सामुराईपट ‘योजिंबो’ (१९६१) की इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीचा काउबॉयपट ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४)?

गोष्ट एकच. गाव दोन टोळ्यांनी वाटून घेतलंय, एक उपरा येतो आणि दोन्हीकडून पैसे घेत त्यांना आपसात झुंजवतो. हा योगायोग नव्हे. लिओनीने परवानगी न घेताच कथा उचलली, जपानच्या तोहो कंपनीने दावा ठोकला आणि शेवटी जगभरच्या कमाईतला १५ टक्के वाटा देऊन प्रकरण मिटवावं लागलं. म्हणून लिओनीचा चित्रपट टाकाऊ ठरतो असं मात्र नाही. (एक मित्र म्हणतो, ठरतो. तो एफटीआयआयच्या, म्हणजे पुण्यातल्या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेच्या गल्लीत राहतो, त्याचं जाऊ द्या.)

माझं मत ‘योजिंबो’ला, आणि ते एका प्रसंगामुळे. उपऱ्या सामुराईच्या भूमिकेतला तोशिरो मिफुने दोन्ही टोळ्यांना भिडवून देतो आणि स्वतः टेहळणीच्या मचाणावर जाऊन बसतो, मजा बघायला. खाली तलवारी उपसलेले गुंड चार पावलं पुढे येतात, समोरचे सरसावले की पाच पावलं मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. ‘हात लावून तर दाखव!’ म्हणत लक्ष्मी रोडवर अर्धा तास रंगणारं भांडण पाहिलं असेल, तर हे दृश्य तुमच्यासाठीच आहे. मारामारीच्या चित्रपटात इतकं खदखदून हसायला क्वचितच मिळतं. मिफुनेचं ते खांदे उडवत, अंग खाजवत चालणंही बघण्यासारखं.

लिओनीकडे हा मिश्कीलपणा कमी, रुबाब जास्त. पोंचो, तोंडात अर्धवट सिगार, डोळे किलकिले केलेला क्लिंट ईस्टवूड. त्याआधी तो ओळखीचा होता तो टीव्हीवरचा नट म्हणून. शिवाय मोरिकोनेचं शिट्टीवालं संगीत. स्पेनमधला रखरखाट मेक्सिकोच्या सीमेवरचा म्हणून खपून जातो. हा रंगीत आहे, इंग्रजीत मिळतो आणि थोडा आखूडही आहे. ‘योजिंबो’ कृष्णधवल, जपानी, ११० मिनिटांचा. सबटायटल वाचायचा कंटाळा असलेली मंडळी जास्त असतील तर निमूटपणे ईस्टवूड लावा, उगाच कुणाला शिक्षा नको.

दोन्ही बघायचे असतील तर जपानी आधी. उलट केलंत, तर मिफुने पिस्तूलवाल्यासमोर तलवार घेऊन उभा राहतो तेव्हाची धाकधूक निम्मी होईल. लागोपाठ मात्र नकोत, दुसऱ्यात पुढचं सगळं आधीच कळत राहतं.

आणि हो, ‘योजिंबो’ ठरला तर मिसळ आधी उरका. सुरुवातीलाच एक कुत्रं माणसाचा तुटका हात तोंडात धरून दुडक्या चालीने समोरून येतं.