उकळत्या पाण्यात बरोबर १०० दाखवणारा वायरलेस प्रोब

साताऱ्यात पाणी १०० अंशांना उकळत नाही. समुद्रसपाटीपासून आपण ७०० मीटरच्या आसपास आहोत, त्यामुळे इथे पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच खदखदायला लागतं. सांगलीत अठ्ठ्याण्णवच्या जरा वर, महाबळेश्वरात पंच्याण्णव-साडेपंच्याण्णव. हे आधी सांगतोय, कारण मांसात खुपसून आतलं तापमान मोजायचा वायरलेस प्रोब विकून ज्या विक्रेत्याने मला ६,८०० रुपयांना गंडवलं त्याचा सगळा खेळ उकळत्या पाण्यात १०० आकडा दाखवण्यावर चाललाय, आणि त्याची जाहिरात सातारा, कराड, वाई भागात बऱ्याच जणांच्या मोबाइलवर फिरतेय.

मी आणि माझा मेहुणा सुट्टीच्या दिवशी कास रोडच्या बाजूला फार्महाउसवर बार्बेक्यूच्या ऑर्डरी घेतो. ड्रम मधोमध चिरून फॅब्रिकेटरकडून करून घेतलेली भट्टी, वर लोखंडी झाकण, आणि अख्ख्या कोंबडीसाठी मोटरवर फिरणारी सळई. मांसाच्या आतलं तापमान बघायला वायरवाला प्रोब आमच्याकडे आधीपासून आहे. प्रोब चांगला आहे, पण फिरत्या सळईवर त्याचा उपयोग शून्य. दोन वेढ्यांत वायर गुंडाळली जाते आणि प्रोब उपटून बाहेर येतो. सपाट जाळीवर भाजणाऱ्याने वायरलेसच्या नादी लागू नये, असं माझं आजही मत आहे. ज्याची सळई फिरते त्याला मात्र पर्याय नाही.

जाहिरातीत पातेल्यात पाणी उकळतंय, त्यात प्रोब सोडलाय आणि मोबाइलवर ठळक १००.०. खाली ‘इम्पोर्टेड, दोन प्रोबचा सेट, रेंज १०० मीटर, सात दिवसांत परत’. पैसे पार्सल आल्यावर द्यायचे, म्हणजे धोका नाही असं कोणालाही वाटेल. खोका उघडून दाखवायला कुरिअरवाला तयार नव्हता. आधी पैसे, मग पार्सल.

पहिल्याच ऑर्डरीला मोबाइलवर ७४ आलं. कोंबडीसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने ठरवलेला आकडा ७४ अंशांचा आहे, आम्हीही तोच धरतो. (मटणाच्या अखंड तुकड्याला ते ६३ आणि वर तीन मिनिटं विश्रांती सांगतात. आपल्याकडे ६३ चं मटण पाहुण्यासमोर ठेवा, पाहुणा ताट सारून उठेल.) मोटर थांबवून मेहुण्याने सवयीने जुना वायरवाला मांडीत खुपसला, तर तिथे ६७. कापून बघितलं तर सांध्याजवळ मांस कच्चट. कोंबडी परत चढवली.

विक्रेत्याला व्हॉट्सअ‍ॅप केलं. उत्तर लगेच आलं: “दादा, प्रोब हाडाला लागला असेल. हाडाला टेकला की आकडा चुकतोच.” हे खोटं नाही, हाडाला टेकलेला प्रोब फसवतो. म्हणून दुसऱ्या दिवशी घरी दोन्ही प्रोब एकाच ग्लासात सोडले. बर्फ बारीक कुटून ग्लास काठोकाठ भरला, फटी भरतील एवढंच पाणी घातलं, ढवळत राहिलो. असा ग्लास शून्याला स्थिर राहतो; पाणी जास्त आणि बर्फाचे दोन खडे तरंगतायत, असं असेल तर राहत नाही. वायरवाल्याने ०.३ दाखवलं. वायरलेसच्या एका प्रोबने ६, दुसऱ्याने ३. दोघांत सारखाच फरक असता तर वजा करून वापरले असते, तीही सोय नाही.

यावर त्याने थेट व्हिडिओ कॉल लावला. “दादा, बर्फाचं सोडा, आपल्याला काय आइस्क्रीम करायचंय? पाणी उकळवा.” उकळवलं. १००.०. “आलं ना शंभर? मग माल ओके आहे. तुमचा वायरवाला साडेसत्त्याण्णव दाखवतोय, तोच बाद आहे.” ऐकणाऱ्याला पटेल असंच हे उत्तर आहे, कारण शाळेपासून आपल्या डोक्यात १०० बसलेत.

कॉल ठेवला आणि गॅस बंद करून पातेलं तसंच ठेवलं. वायरवाला हळूहळू खाली आला: ९७, ९६, ९५. वायरलेस १००.० वर चिकटलेला. वायरवाला ९४ च्या खाली गेला तेव्हा कुठे तिकडचा आकडा हलायला लागला. खोक्यातल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात होतं, मांसात जाणाऱ्या सेन्सरची कमाल मर्यादा १००. म्हणजे सहा अंश जास्त दाखवणारा सेन्सर उकळत्या पाण्यात १०३-१०४ म्हणणार, पण अ‍ॅप १०० च्या पुढे दाखवतच नाही. चुकीचा प्रोब त्याच एका जागी बरोबर वाटतो, आणि व्हिडिओही नेमका तिथलाच.

जे फसवणूक नाही तेही सांगतो, नाहीतर चांगल्या मालालाही शिव्या बसतील. झाकण लावलं की फोन चार पावलांवर नेला तरी कनेक्शन तुटतं, हे ब्लूटूथमुळे होतं. लोखंडी ड्रम आणि मांसातलं पाणी दोन्ही त्या लहरी अडवतात. १०० मीटरचा दावा मोकळ्या मैदानातला असतो, प्रोब मांसात नसताना. म्हणून चांगल्या सेटचा चार्जिंगचा डबा भट्टीजवळ ठेवायचा असतो, तोच सिग्नल पुढे पाठवतो. वायरलेस प्रोब खुणेपर्यंत मांसात घालावा लागतो, कारण बॅटरी नि सर्किट त्याच दांड्यात असतं आणि भोवतीचं मांसच त्यांना आगीपासून वाचवतं. ती बॅटरी कायमची निकामी झाली की बदलता येत नाही. वायरवाल्यात निखाऱ्याजवळ फक्त सेन्सर नि वायर. बॅटरी बाहेरच्या डब्यात. तो बिघडतो तोही बहुधा कळेल असा: वायर झाकणाखाली चेपली, किंवा वायर आणि दांड्याच्या सांध्यात धुताना पाणी शिरलं, की आकडे सैरभैर उड्या मारतात. नवा प्रोब घातला की डबा पुन्हा चालू.

परत घ्या म्हटल्यावर भाषा बदलली. वापरलेला माल परत होत नाही, पण ‘तुमच्यासाठी’ बदलून देतो. आठवडा उलटल्यावर दुसरा खोका आला, त्यात छोटा रिसीव्हर, एक डबा आणि डब्याला जोडलेले दोन वायरवाले प्रोब. फोन केला तर म्हणे, “वायरलेसच आहे दादा, डब्यातून रिसीव्हरला वायर आहे का?” गंमत म्हणजे हा सेट बर्फात बरोबर शून्य दाखवतो. पुण्याच्या दुकानात असाच सेट मी १,८०० ला बघितलाय, आणि फिरत्या सळईवर त्याचा मला काडीचा उपयोग नाही. त्यानंतर नंबर ब्लॉक.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. अडलं ते एका ठिकाणी: तक्रार कोणाविरुद्ध? आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर छापणं वजनमाप कायद्याखालच्या नियमांनी बंधनकारक आहे. माझ्या दोन्ही खोक्यांवर यातलं काहीच नाही. ऑनलाइन विक्रेत्याने तक्रार अधिकारी नेमून ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा, असाही २०२० चा नियम आहे. त्यालाही आधी विक्रेता सापडायला हवा. म्हणून असं पार्सल आलं तर खोका फोडायच्या आधीपासून बर्फाच्या ग्लासातला आकडा दिसेपर्यंत एकच सलग व्हिडिओ घ्या आणि खोक्याच्या सहाही बाजू त्यात दाखवा. आयातदाराचं नाव नसेल तर परत करण्याचा मेसेज त्याच दिवशी पाठवा, सातवा दिवस उजाडायची वाट बघू नका.

जाहिरात टाकणाऱ्या त्या पानाचं नाव आता बदललंय, व्हिडिओ तोच आहे. माझ्याकडे कुरिअरच्या दोन्ही लेबलांचे फोटो आहेत. पाठवणाऱ्याच्या जागी पार्सल पोचवणाऱ्या एजन्सीचा पत्ता आणि एक ऑर्डर कोड आहे. हाच सेट आणखी कोणाकडे आला असेल तर लेबल टाकू नका, ताडून बघू. एकाच प्रकारे फसलेल्या ग्राहकांना जिल्हा ग्राहक आयोगात परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. मला एजन्सीच्या मागचं खरं नाव हवंय, ते तुमच्या लेबलवर असू शकतं.