लंडनमधील लेखक-हेरांची पदभ्रमंती : ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जास्त थांबायला हवे होते

दुसऱ्या महायुद्धात हेरगिरीचे किंवा सरकारी प्रचाराचे काम केलेल्या लेखकांच्या जागा दाखवणारी तीन तासांची पदभ्रमंती लंडनमधील एक लहान संस्था आयोजित करते. गेल्या सप्टेंबरमध्ये माणशी २० पौंड भरून आम्ही उभयतांनी ती केली. पैसे वसूल झाले, हे आधीच सांगते. मात्र मराठी माणसाला जी जागा सर्वांत महत्त्वाची वाटावी, तिथेच ही सहल सर्वांत कमी थांबते.

सुरुवात ब्लूम्सबरीतील सेनेट हाउसपासून होते. ६४ मीटर उंचीच्या या पांढऱ्या इमारतीत युद्धकाळात माहिती मंत्रालय होते. कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन १९४० मध्ये काही महिने इथे नोकरीला होते, तर लेखक जॉर्ज ऑर्वेल यांच्या पत्नी आयलीन इथल्याच सेन्सॉर विभागात काम करत. मार्गदर्शक हे निवृत्त इतिहास-शिक्षक होते. त्यांनी आम्हाला इमारतीच्या अगदी पायथ्याशी उभे करून वर पाहायला लावले, तेव्हा ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीतील, खोटा प्रचार करणाऱ्या सत्य मंत्रालयाशी या वास्तूचा संबंध का जोडला जातो, हे न बोलता कळले.

रायडर स्ट्रीटवर ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या एका विभागाची कचेरी होती; तिथले निवेदन फारच उत्तम झाले. पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाउनमध्ये पोलीस अधिकाऱ्याच्या आवरणाखाली हेरगिरी करून १९४३ मध्ये परतलेले ग्रीन इथे किम फिल्बी यांच्या हाताखाली काम करत होते, आणि हेच फिल्बी मॉस्कोला माहिती पुरवत होते. पुढे सारे उघड झाल्यावरही ग्रीन यांनी ही मैत्री सोडली नाही, ते मॉस्कोला जाऊन त्यांना भेटले, हे सांगताना मार्गदर्शकांनी कोणताही निवाडा दिला नाही, आणि तेच मला योग्य वाटले. ब्रॉडवेवरील गुप्तहेर खात्याच्या जुन्या मुख्यालयासमोर, तिथे ओळख लपवण्यासाठी अग्निशामक यंत्रे विकणाऱ्या कंपनीची पाटी होती, एवढे ऐकून आम्ही पुढे निघालो.

त्याआधी, वाटेतच, २०० ऑक्सफर्ड स्ट्रीट येऊन गेले होते. तिथे आम्ही जेमतेम पाच मिनिटे थांबलो. बर्लिनहून सुभाषबाबूंचे आझाद हिंद रेडिओ भारतीय भाषांतून बोलत होते आणि जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या होत्या, अशा काळात भारतीय श्रोत्यांना ब्रिटनची बाजू पटवण्यासाठी बीबीसीचा जो विभाग इथे काम करत होता, त्यात ऑर्वेल ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ या काळात नोकरीला होते. ते इंग्रजीत लिहीत असलेल्या साप्ताहिक वार्तापत्रांची मराठी, गुजराती, बंगाली आणि तमिळ भाषांतरे प्रसारित होत. प्रत्येक संहितेवर सेन्सॉरचे धोरण आणि सुरक्षा असे दोन शिक्के लागत, आणि ठरलेल्या मजकुराबाहेर कोणी गेले तर प्रक्षेपण तोडण्यासाठी स्विचपाशी माणूस बसलेला असे. मार्गदर्शकांनी शिक्के असलेल्या एका कागदाची छायाप्रत दाखवली. ती मी बराच वेळ हातातून सोडली नाही.

पण याच विभागात ऑर्वेल यांच्या सहकारी म्हणून काम केलेल्या, मूळच्या कोल्हापूरकडच्या वेणू चितळे यांचे नावही निघाले नाही. ऑर्वेल, टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद यांच्यासह त्या ज्या छायाचित्रात दिसतात, ते प्रसिद्ध आहे. मुंबईत ‘चले जाव’ची घोषणा झाली त्याच १९४२ साली, इथे लंडनमध्ये बसून सरकारच्या बाजूने मराठीत बोलण्याच्या या कामाकडे तिथली भारतीय माणसे कशी पाहत असतील, हा प्रश्न मला त्या फुटपाथवर उभी राहून विचारावासा वाटला. मी विचारलाही. मार्गदर्शकांनी प्रामाणिकपणे ऐकून घेतले, चितळे यांचे नाव वहीत उतरवून घेतले आणि त्यातील ‘ळ’ मला दोनदा म्हणून दाखवायला लावला.

पदभ्रमंतीत चढ नाही, पण सलग बसायला जागा मिळत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी रायडर स्ट्रीटपर्यंत येऊन थांबले तरी चालेल. नोंदणी करताना ऑक्सफर्ड स्ट्रीटवर अधिक वेळ हवा, असे आधीच कळवावे.