ऑनलाइन क्लासची फी कशी घ्यावी: क्यूआर, पेमेंट लिंक की तयार प्लॅटफॉर्म?

"बाई, पैसे कधीच पाठवलेत की!"

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हे वाक्य मी पूर्वी दिवसातून चार-पाच वेळा ऐकायचे. आणि पैसे खरंच आलेले असायचे. पण मुलगी खानापूर तालुक्यातली, फोन तिच्या आईचा आणि पैसे आलेले चाकणला कंपनीत असलेल्या मामाच्या खात्यावरून. माझ्या मोबाईलवर दिसायचं ते मामाचं नाव आणि ₹१,२००. त्याच दिवशी आणखी अकरा जणांचे ₹१,२०० आलेले असायचे. मग रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसायचं आणि एकेकाला फोन लावायचे.

मी बेळगावात राहून मराठी माध्यमाच्या मुलांना दहावीचं गणित आणि कन्नड ऑनलाइन शिकवते. मुलं वडगाव, येळ्ळूर, खानापूर, निपाणीची. चंदगड, गडहिंग्लजची काही मुलं फक्त गणिताला असतात. आता ओळखीतल्या दोघीतिघी स्वतःचे क्लास सुरू करताहेत, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो की कोणत्या पद्धतीत कमी पैसे कापले जातात. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. आलेली फी कुणाची हे कळायला तुमचा किती वेळ जातो, ते आधी बघा. आपल्या भागात फी भरणारा आणि शिकणारा क्वचितच एक असतो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या शिक्षकांसाठी लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

स्वतःचा यूपीआय आणि दुकानाचा क्यूआर

बहुतेकांची सुरुवात स्वतःच्या फोनपे किंवा गुगल पेच्या नंबरावर होते. खर्च शून्य, पैसे लगेच खात्यात. दहा-पंधरा मुलं असतील तर एवढं पुरतं.

पण त्या नंबरावर घरच्या किराण्यापासून भावाने पाठवलेल्या भाऊबिजेपर्यंत सगळं एकत्र येतं. त्यापेक्षा त्याच कंपन्यांचं दुकानदारांसाठीचं क्यूआरचं ॲप घ्या. पॅन आणि बँक खातं दिलं की एकट्या व्यक्तीलाही ते मिळतं, दुकानाची पाटी असावी लागत नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून घ्यायचा एमडीआर (प्रत्येक व्यवहारामागे कापला जाणारा वाटा) शून्य आहे, म्हणजे बँक खात्यातून आलेल्या ₹१,२०० चे ₹१,२०० च मिळतात. शिवाय फीचा हिशेब घरच्या हिशेबापासून वेगळा राहतो.

या क्यूआरला जोडायला मात्र वेगळं बचत खातं उघडा. हे मी ठेच लागून शिकले. माझ्या खात्यात आलेली एक रक्कम कुठल्याशा सायबर फसवणुकीच्या साखळीतली निघाली. तक्रार झाल्यावर बँकेने तेवढी रक्कम गोठवली, आणि ती सुटेपर्यंत मला पत्रं, पावत्या आणि मुलांच्या यादीसह चकरा माराव्या लागल्या. माझा दोष काही नव्हता. पण ते घरखर्चाचं खातं होतं, म्हणून जीव टांगणीला लागला. फीचं खातं वेगळं असतं तर निदान रात्रीची झोप उडाली नसती.

दुसरी अडचण स्क्रीनशॉटची. आपले बहुतेक पालक सरळ आहेत, पण पैसे गेल्याचं खोटं चित्र तयार करणारी ॲप आहेत आणि दहावीच्या मुलांना ती माहीत असतात. आलेल्या फोटोवर "मिळाले" असं कधीच लिहू नका. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक मागा आणि तो खात्यातल्या नोंदीशी ताडून बघा.

नाव जुळवण्याच्या त्रासावर मला सापडलेला उपाय अगदी साधा आहे, आणि गेलं वर्षभर तो चाललाय. मी प्रत्येक मुलाला हजेरी क्रमांक देते आणि फी त्या क्रमांकाएवढ्या पैशांसह मागते. सतराव्या क्रमांकाच्या मुलाने ₹१,२००.१७ भरायचे, एकेचाळिसाव्याने ₹१,२००.४१. यूपीआयवर पैसे, म्हणजे रुपयाचे पैसे, भरता येतात. मग मामा चाकणहून भरो की काका निपाणीच्या वखारीतून, रकमेच्या शेपटावरून मूल ओळखू येतं. पहिल्या महिन्यात पालकांना हे विचित्र वाटतं. एकदा समजावून सांगा, आणि रक्कम आधीच भरलेला वेगळा क्यूआर प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे टाइप करताना चूक होत नाही. नव्व्याण्णव मुलांपर्यंत ही युक्ती पुरते.

पेमेंट लिंक, म्हणजे गेटवे

गेटवे म्हणजे तुमच्या वतीने ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या खात्यात टाकणारी कंपनी; रेझरपे, कॅशफ्री, इन्स्टामोजो ही यातली परिचयाची नावं. तुम्ही प्रत्येक मुलाच्या नावाने लिंक तयार करता, पालक ती उघडून यूपीआय, कार्ड किंवा नेटबँकिंगने भरतात, पावती आपोआप जाते आणि तुमच्या यादीत त्या मुलापुढे "भरली" असं येतं. मामाने भरलं तरी लिंक मुलीच्या नावाची असते, त्यामुळे जुळवाजुळव संपते.

याची किंमत आहे. एमडीआर शून्य असला तरी गेटवे स्वतःच्या सेवेचे पैसे घेतो. रेझरपेचा नेहमीचा दर देशातल्या व्यवहारांवर २ टक्के आणि त्या २ टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २.३६ टक्के. ₹१,२०० वर ₹२८.३२. साठ मुलांची महिन्याची फी ₹७२,००० धरली तर ₹१,६९९.२० गेले. पैसे लगेच हातात येत नाहीत, साधारण दोन कामकाजी दिवसांनी खात्यात पडतात. शुक्रवारी संध्याकाळी भरलेली फी पुढच्या आठवड्यातच बघायची. पालकाने फी परत मागितली तर ती पूर्ण परत जाते, पण गेटवेचा कापलेला वाटा बहुधा तुम्हाला परत मिळत नाही. दोन तासिका बसून क्लास सोडणारी मुलं दरवर्षी असतातच, तेव्हा परताव्याचे नियम आधी ठरवा. तसंही खातं उघडताना परताव्याचं धोरण, अटी आणि संपर्काचा पत्ता लिहिलेलं एखादं पान बहुतेक ठिकाणी मागतात.

मग घ्यायचं की नाही? मी असा हिशेब केला. साठ मुलांची नावं जुळवायला पूर्वी मला महिन्याला सात-आठ तास लागत. पैशांची युक्ती सापडल्यावर ते दोन तासांवर आलं. दोन तासांसाठी ₹१,७०० देणं मला परवडत नाही. पण ज्यांना नोकरी सांभाळून संध्याकाळीच शिकवायचं आहे, किंवा ज्यांच्याकडे शंभराच्या वर मुलं आहेत, त्यांनी ते द्यावेत. हेच ₹४,००० चा तीन महिन्यांचा कोर्स असेल आणि फी एकदाच घ्यायची असेल, तर जुळवणीचं काम तिमाहीत एकदाच येतं, आणि गेटवेची गरज आणखी कमी होते.

गेटवेवरून ऑटोपेही मिळतं. पालकाने एकदा मंजुरी दिली की दरमहा फी आपोआप येते. ₹१५,००० पर्यंतच्या हप्त्याला पुन्हा पिन लागत नाही, आणि कापण्याच्या चोवीस तास आधी पालकाला सूचना जाते. ज्या घरात पगार येतो तिथे ही सोय फार चांगली. उसाच्या घरात मी ती सुचवत नाही. चिकोडी, अथणी, कागवाड पट्ट्यात घरात पैसा येतो तो कारखान्याचं बिल जमा झाल्यावर, आणि ते तारीख पाळून येत नाही. खातं रिकामं असताना हप्ता फसला की पालकाला ओशाळवाणं होतं, आणि पुढच्या तासाला मुलगा कॅमेरा बंद करून बसतो. अशा घरांशी मी आधीच बोलून ठेवते: दोन हप्ते, पहिला दिवाळीच्या सुमाराला, दुसरा फेब्रुवारीत. कुठलंही ॲप ही बोलणी करून देत नाही.

तयार प्लॅटफॉर्म आणि बाजार

क्लासप्लस, ग्राफीसारख्या कंपन्या तुमच्या नावाचं ॲप करून देतात. व्हिडिओ, परीक्षा, फी सगळं एका जागी. त्यासाठी बहुतेक वेळा वर्षाचं शुल्क आधी भरावं लागतं. रेकॉर्ड केलेले कोर्स विकणाऱ्यांना हे सोयीचं आहे, कारण पैसे भरताच व्हिडिओ उघडतो आणि तुम्ही झोपलेल्या असलात तरी चालतं. रोज समोर बसून शिकवणाऱ्याला पहिल्या वर्षी याची गरज नाही. मुलं टिकतात का ते आधी बघा.

युडेमीसारखा ऑनलाइन कोर्सचा बाजार हा पूर्ण वेगळा प्रकार. तिथे गिऱ्हाईक बाजारच आणतो आणि त्याचा मोबदला घेतो. बाजारातून आलेल्या विक्रीचे ३७ टक्के शिक्षकाला मिळतात, शिक्षकाने स्वतःच्या कूपनने आणलेल्या विक्रीचे ९७ टक्के. ₹४९९ ला विकलेल्या कोर्सचे पहिल्या प्रकारात ₹१८५ च्याही आत हातात येतात. मराठी भाषकांसाठी बोली कन्नड असा कोर्स कुणी तिथे ठेवला तर तो पुण्याहून बेंगळुरूला बदलून जाणाऱ्यापर्यंत पोचू शकतो, तेवढ्यासाठी तो विचार करण्यासारखा आहे. पण येळ्ळूरच्या ज्या मुलीला तुम्ही ओळखता, जिची आई तुम्हाला बाजारात भेटते, तिची फी अशा ठिकाणाहून फिरवून आणण्यात काहीच अर्थ नाही. यूट्यूबच्या सदस्यत्वाचंही तेच. शिक्षकाला ७० टक्के मिळतात, आणि तो पैसा प्रेक्षकवर्गासाठी आहे, वर्गासाठी नाही.

ज्यांच्याकडे यूपीआयच नाही

हा मुद्दा आपल्या भागात मोठा आहे, म्हणून थोडं थांबते. अनेक घरांचा पैसा बँकेत नसतो, गावच्या सोसायटीत किंवा सौहार्द सहकारी पतसंस्थेत असतो. ती बँक नव्हे, त्यामुळे त्या खात्याला यूपीआय जोडता येत नाही. जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात नेटवर्कचा भरवसा नसतो. साधा फोन वापरणाऱ्या पालकाचं बँकेत खातं असेल तर यूपीआय १२३पेने इंटरनेटशिवाय, फोन लावून ₹१०,००० पर्यंत भरता येतात. पण ते शिकवायला कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

मुलाने स्वतःच भरायचं असेल तर यूपीआय सर्कल बघा. आईवडील आपल्या खात्यातून भरण्याची परवानगी त्याला देतात, एका वेळी ₹५,००० आणि महिन्याला ₹१५,००० च्या मर्यादेत. बाहेरगावी शिकणाऱ्या मोठ्या मुलांसाठी ही सोय मला फार आवडते. पैसे वडिलांचे, पण भरल्याची जबाबदारी मुलाची.

क्यूआर घेतला म्हणजे कर चुकत नाही

गेटवे घेतला तर सरकारला कळतं, क्यूआरवर कळत नाही, असं मला एका शिक्षकाने ठामपणे सांगितलं. हे चूक आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघूनच हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा काढल्या होत्या, आणि बेंगळुरूत कित्येक दुकानांवर "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. फी कुठूनही आली तरी ती उत्पन्नच आहे. ती लिहून ठेवा.

सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ₹२० लाख आहे. शाळेच्या शिक्षणाला असलेली सूट खासगी शिकवणीला नाही, तिच्यावर १८ टक्के लागतो. महिन्याला ₹१,२०० फी असेल तर बारा महिने १३८ मुलांपर्यंत तुम्ही मर्यादेच्या आत आहात, १३९ वं मूल आलं की ओलांडली.

सीमेवरच्या शिक्षकांची एक खास भीती आहे. चंदगडचं मूल म्हणजे दुसरं राज्य, मग आंतरराज्य सेवा म्हणून पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते का? वस्तू विकणाऱ्याच्या नियमामुळे हा गोंधळ होतो. सेवा देणाऱ्यांना ऑक्टोबर २०१७ पासून आंतरराज्य कामातही ₹२० लाखांपर्यंत सूट आहे. चंदगड, कोल्हापूर, पुण्याची मुलं निर्धास्त घ्या. मर्यादेजवळ पोचलात की मात्र सीएकडे जा, अंदाजाने वागू नका.

मी काय करते, तुम्ही काय करावं

चाळीस मुलांपर्यंत: दुकानाचा क्यूआर, वेगळं खातं, पैशांची युक्ती, बस. चाळीस ते शंभर: हेच, आणि फक्त पुण्या-मुंबईच्या पगारदार पालकांना गेटवेची लिंक. त्यांना पावती हवी असते आणि ते लिंकला घाबरत नाहीत. शंभराच्या वर, किंवा रेकॉर्ड केलेला कोर्स: पूर्ण गेटवे, आणि त्याचे २.३६ टक्के फीमध्ये धरूनच फी ठरवा. वरून "सुविधा शुल्क" म्हणून वेगळं मागू नका, पालकांच्या मनात ते सलतं.

आणि सातेक घरं अशी आहेत जी रोखच देतात. त्यांच्यासाठी खडेबाजारात माझ्या ओळखीच्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात शंभर पानी वही ठेवली आहे. आठवड्याच्या बाजाराला आलेली आई तिथे पैसे देते, मुलाचं नाव आणि हजेरी क्रमांक लिहून सही करते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी दुकानदार लिहितो आणि मला लगेच फोन करतो. शनिवारी मी जाऊन वही बघते.