व्रशोवित्सेतलं जुन्या कागदांचं दुकान: पैसे रोख, गप्पा फुकट

पाटीवर दुकानाचं नाव नाही. नुसतं 'अँटिक्वारियात' लिहिलंय, म्हणजे जुन्या पुस्तकांचं दुकान, आणि प्रागमध्ये अशा पाट्या जागोजागी दिसतात. म्हणून खूण सांगतो. 22 नंबरची ट्राम पकडा, व्रशोवित्सेत उतरा आणि बोहेमियन्स फुटबॉल क्लबच्या द्योलीचेक मैदानाच्या दिशेने चालत सुटा. ज्या काचेत पुस्तकांऐवजी हिरवा-पांढरा मफलर गुंडाळलेला चिनी मातीचा कांगारू बसलाय, तिथे तीन पायऱ्या उतरा. डोकं सांभाळा, चौकट बुटकी आहे. माझं दोनदा आपटलंय.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघत वाढलेला, त्यामुळे फुटबॉलचे जुने कागद म्हटलं की मला राहवत नाही. मॅचची छापील पत्रकं, तिकिटांचे अर्धुकडे, फोटो, बिल्ले, असलं काहीबाही जमवतो. बायको त्याला रद्दी म्हणते. प्रागला नोकरीसाठी आल्यावर असली चार-पाच दुकानं धुंडाळली. बहुतेक ठिकाणी माल पर्यटकांसाठी मांडलेला आणि किंमत युरोत. हे दुकान तसं नाही.

आत उजव्या भिंतीला युरो कपचा, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेचा, माल आहे. बुटांचे पाच खोके, प्रत्येकावर जाड पेनाने एकेक साल: 1960, 1976, 1980, 1996, 2004. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, बाकीचे खोके आत असतील. आजोबांना (दुकानदार सत्तरीच्या पुढचे आहेत) माझ्या मोडक्यातोडक्या चेकमध्ये विचारलं, 1988 कुठाय? त्यांनी पायाने टेबलाखालून एक भलामोठा पुठ्ठ्याचा बॉक्स पुढे ढकलला. त्यावर लिहिलं होतं 'इतर'.

आमचे आजोबा असे आहेत. ज्या साली त्यांच्या देशाने (आधी चेकोस्लोव्हाकिया, आता चेक प्रजासत्ताक) पहिल्या चारांत जागा मिळवली, त्या सालाला स्वतंत्र खोका. बाकी सगळं इतर! पाच सामन्यांत नऊ गोल ठोकणारा 1984 चा फ्रान्सचा प्लातिनी, हॉलंडच्या फान बास्टेनची 1988 ची ती हवेतल्या हवेत मारलेली व्हॉली, युगोस्लाव्हियाला निर्बंधांमुळे वगळल्यावर ऐनवेळी बोलावणं आलेला आणि थेट कप घेऊन गेलेला 1992 चा डेन्मार्क, सगळे एका बॉक्समध्ये एकमेकांच्या उरावर. सालवार लावलेलंही नाही. तुम्हाला संपूर्ण इतिहास ओळीने हवा असेल तर इथे चिडचिड होईल. माझीही झाली. पण खोके उघडायला लागलो आणि दुपार कशी गेली कळलं नाही.

1960 चा खोका सर्वांत हलका. त्यात आहेत बहुतेक वर्तमानपत्रांची कात्रणं, पिवळी पडलेली, हात लावला की कडा झडतात. ही स्पर्धा आन्री दलोने या फ्रेंच माणसाच्या डोक्यातून 1927 सालीच निघाली होती. प्रत्यक्षात उतरायला 1960 उजाडलं, आणि तोवर तो वारलेला. कपाला नाव त्याचं दिलं. (त्याच 1927 मध्ये बोहेमियन्सचा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला आणि दोन जिवंत कांगारू भेट घेऊन परतला. काचेतला कांगारू तो. आजोबा ही दोन्ही सालं एका दमात सांगतात, जणू दलोनेने बोहेमियन्सला विचारूनच कल्पना मांडली.) पहिल्या खेपेला फक्त 17 देशांनी नावं दिली. इंग्लंड, इटली, पश्चिम जर्मनी फिरकलेच नाहीत. सतरातला एक जास्तीचा कमी करायला आयर्लंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांची आधीच गाठ घातली. डब्लिनला चेकोस्लोव्हाकियावाले 2-0 हरले, ब्रातिस्लाव्हात 4-0 जिंकले आणि पुढे सरकले. स्पेनने तर उपांत्यपूर्व फेरीत मॉस्कोला जायलाच नकार दिला, हुकूमशहा फ्रँकोची आज्ञा. सोव्हिएत संघ न खेळता पुढे गेला आणि शेवटी पॅरिसमध्ये युगोस्लाव्हियाला जादा वेळेत 2-1 हरवून कपही घेऊन गेला. चेकोस्लोव्हाकियाने मार्सेमध्ये फ्रान्सला 2-0 हरवून तिसरा नंबर काढला. मी 80 क्राउनला (इथलं चलन) एक कात्रण घेतलं. घासाघीस केली नाही. एवढ्याशा कागदासाठी लाज वाटली.

घासाघीस मी 1976 च्या खोक्यावर केली. हा खोका दोरीने बांधलेला असतो आणि आजोबा तो स्वतः सोडतात. आत कृष्णधवल फोटोंचा गठ्ठा. एक उचलला तर त्यात खेळाडू कप उंचावतायत, पण अंगात पश्चिम जर्मनीचा पांढरा शर्ट. मी म्हटलं, आजोबा, चुकीच्या खोक्यात पडलाय हा. जर्मनी 1972 ला जिंकली, 76 ला नाही.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला एकदम शाळेतले ड्रॉइंगचे सर आठवले. मॅच संपल्या संपल्या दोन्ही संघांनी शर्ट बदलले होते, आणि चेकोस्लोव्हाकियाच्या पोरांनी हरलेल्यांचे घामट शर्ट घालूनच कप उचलला! "चेहरे बघा, शर्ट काय बघता?" म्हणाले.

मग बेलग्रेडच्या फायनलचा तो 20 जूनचा दिवस त्यांनी मला उभ्या उभ्या ऐकवला. पंचवीस मिनिटांत श्वेहलिक आणि दोबियाशचे दोन गोल. जर्मनीच्या डीटर म्युलरने एक फेडला. दुसरा होल्झेनबाइनने अगदी शेवटच्या मिनिटाला डोक्याने घातला, तेव्हा आजोबांच्या वडिलांनी म्हणे रेडिओ बंद केला आणि अंगणात जाऊन बसले. बरोबरी झाली तर दोन दिवसांनी पुन्हा खेळायचं, असं मुळात ठरलेलं. ते ऐनवेळी बदलून पेनल्टीवर आणलं होतं. जर्मनीच्या उली होएनेसने चौथी पेनल्टी आडव्या दांड्यावरून आभाळात मारली. मग आला पानेन्का. लांबून धावत आला, समोर जर्मनीचा गोलकीपर झेप मायर. मायर एका बाजूला झेपावला आणि याने चेंडू खालून हळूच उचलून मधोमध टाकला. चमच्याने आमटी वाढावी तसा. युरो किंवा वर्ल्ड कपमध्ये पेनल्ट्यांवर जर्मनीचे पुरुष त्यानंतर आजवर हरलेले नाहीत.

पानेन्का याच मैदानावरचा, बोहेमियन्सचा. सराव संपल्यावर क्लबचा गोलकीपर ह्रुश्का याच्याशी बिअर आणि चॉकलेटच्या पैजा लावून पेनल्ट्या मारायचा. हरत होता, म्हणून रात्री पडल्या पडल्या विचार करून ही युक्ती शोधली. चेकमध्ये 'पानेन्का' म्हणजे बाहुली. आज जगभर कुणीही तसा चेंडू टाकला की तिचं नाव घेतात. आजोबा मात्र फोटोतल्या एकेकावर बोट ठेवून दुसरंच सांगत होते: स्लोव्हाक, हाही स्लोव्हाक, हा गोलकीपर व्हिक्टर आमचा, हा पुन्हा स्लोव्हाक. फायनलला उतरलेल्या अकरांत आठ स्लोव्हाक होते. देशाच्या वाटण्या 1993 ला झाल्या. "खोका प्रागमध्ये राहिला एवढंच," म्हणाले.

फोटोची किंमत 900 क्राउन. मी 700 म्हटलं. यावर त्यांनी गल्ल्यातून एक नाणं काढलं आणि एक किस्सा सांगितला. 1968 च्या उपांत्य सामन्यात नेपल्सला इटली आणि सोव्हिएत संघ 0-0 वर अडकले, तेव्हा पेनल्ट्यांची पद्धत नव्हती. नाणं उडवलं, इटलीच्या फाकेत्तीने बरोबर ओळखलं आणि इटली फायनलला. पुढे कपही त्यांचाच. "छाप आली तर 700, काटा आला तर 900." काटा आला. त्या दिवशी मी फाकेत्ती नव्हतो.

1980 च्या खोक्यात फारसं काही नाही. नेपल्सलाच चेकोस्लोव्हाकियाची इटलीविरुद्ध तिसऱ्या जागेची मॅच, 1-1, मग पेनल्ट्या 9-8. यांच्या नऊच्या नऊ आत. त्यानंतर ती तिसऱ्या जागेची मॅच स्पर्धेतून काढूनच टाकली.

आता तक्रार. 1996 च्या खोक्यात मला एक मफलर मिळाला. चिठ्ठीवर लिहिलेलं, वेम्बली (लंडनचं फायनलचं मैदान), अस्सल. 1200 क्राउन मोजले. घरी येऊन उलटा करून बघतो तर आतल्या शिवणीत लेबल, आणि लेबलवर क्यूआर कोड! 1996 साली? दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. आजोबांनी भिंग लावून तीनदा पाहिलं, शिव्या घातल्या (मला नाही, ज्याने त्यांना विकला त्याला), पण रोख परत दिली नाही. "बदल्यात काहीही घ्या." हे मला पटलं नाही. पावतीही कच्च्या कागदावरची, कार्ड चालत नाही, आणि 'अस्सल' शब्द फार सढळपणे लिहिलेला असतो. कापडाचं काही घेणार असाल तर तिथेच उलटं करून बघा. कागदाच्या मालात मात्र मी अजून फसलेलो नाही.

बदल्यात मी 1996 च्या चेक-जर्मनी फायनलची वर्तमानपत्रं घेतली. 59 व्या मिनिटाला बर्गरची पेनल्टी, मग जर्मनीच्या बदली आलेल्या बिअरहोफचा गोल, आणि 95 व्या मिनिटाला पुन्हा बिअरहोफ. फटका चेक गोलकीपर कौबाच्या हाताला लागून आत गेला. गोल्डन गोलचा नियम (जादा वेळेत जो पहिला गोल करेल तो जिंकला), त्यामुळे खेळ तिथेच बंद. एका पानावर कुणीतरी कौबाच्या फोटोवर पेनाने काहीतरी खरडलंय. मी आजोबांना अर्थ विचारला, त्यांनी सांगितला नाही.

2004 च्या खोक्याला हात लावला तर आजोबा चहा ठेवायला आत जातात. आयुष्यात बघितलेला सर्वांत चांगला संघ, 0-2 वरून हॉलंडला 3-2 हरवणारा, उपांत्य फेरीत ग्रीसच्या एका हेडरवर गेला. सिल्व्हर गोल म्हणे (जादा वेळेचा पहिला भाग संपताना जो पुढे असेल तो जिंकला). तो नियमही लवकरच बाद झाला.

कोल्हापूरहून आलेल्या माझ्या आतेभावाला मी गेल्या महिन्यात तिथे नेलं. त्याला हॉलंडचा 88 चा शर्ट हवा होता. 'इतर' बॉक्समध्ये तासभर डोकं घालून बसला आणि शेवटी ग्रीसचा एक बिल्ला घेऊन वर आला. आजोबांनी त्याचे पैसेच घेतले नाहीत. "घेऊन जा, मला नकोच होता."

पाचपैकी साडेतीन. अर्धा मफलरचा कापला, एक रोख परत न देण्याचा. दुकान सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, सोमवारी बंद. बोहेमियन्सची घरची मॅच असेल त्या दिवशी जाऊ नका, कुलूप असतं आणि कांगारूही काचेत नसतो.